नऊ नंबरचं अक्षर

वस्तू घेण्याआधी मी तक्ता करतो. फ्रिज घेताना केला, स्कूटर घेताना केला, आणि सेजल म्हणते की तिला बघायला आमोण्याला गेलो होतो तेव्हाही माझ्या खिशात एक असणार. तो नव्हता. पण तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या पंपांच्या कारखान्यात सतरा वर्षं तपासणीचं काम केलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलणार. खोट असलेला नग बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. आजवर एकही वाईट नग माझ्या हातून पुढे गेलेला नाही.

यंदा एप्रिलमध्ये केलेला तक्ता ई-रीडरचा होता. बाबांसाठी.

बाबा म्हणजे कृष्णनाथ मास्तर. आमच्या चोपडे गावात नुसतं मास्तर म्हटलं तरी पुरतं. वय शहात्तर. गेली बावीस वर्षं श्रावणात ते देवळात पोथी वाचतात. दिवेलागणीला एक अध्याय, मग आरती, असे तीस दिवस; शेवटचे दहा आधी दत्ताराम वाचत, ते गेल्यावर तेही बाबांकडे आले. आई गेल्यापासून उरलेले अकरा महिने ते घरात जवळजवळ पाहुण्यासारखे असतात. जेवण वाढलं की जेवतात, विचारलं की बोलतात. श्रावण जवळ आला की मात्र धोतर स्वतः धुतात, घसा बसू नये म्हणून ताक बंद करतात आणि सगळ्यांवर खेकसायला लागतात. आम्हांला ते खेकसणं बरं वाटतं.

गेल्या श्रावणात वाचताना त्यांच्या दोन ओव्या सुटल्या. समोर बसलेल्या शिवदासांनी भर सभेत सांगितलं, "मास्तर, दोन वगळल्यात." शिवदास देवळाच्या समितीत आहेत आणि सांगायचं ते तोंडावर सांगतात. बाबांनी मागे जाऊन त्या ओव्या वाचल्या. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, असं डॉक्टर म्हणाले. कडेकडेचं दिसत राहील, त्यामुळे हिंडण्याफिरण्याला अडचण नाही. वाचायचं असेल तर अक्षर मोठं हवं.

शिमगा झाल्यावर एका दुपारी शिवदास घरी आले. चहा घेतला, पावसाळ्याआधी देवळाची कौलं चाळायची आहेत वगैरे बोलले, आणि कप खाली ठेवता ठेवता मुद्द्यावर आले.

"मास्तर, औंदा आमच्या वाड्यावरच्या साईशाक वाचूंदे. पोरगो शिकललो आसा, आवाजय बरो. तुमी खूप केलात."

"मी वाचतलंय," बाबा म्हणाले.

"मागच्या वर्षासारखां झाला तर?"

"होवचा नाय."

शेवटी तडजोड झाली. पहिले तीन दिवस बाबांनी वाचायचं. शिवदास छापील पोथी घेऊन समोर बसतील. चूक झाली तर चौथ्या दिवसापासून साईश. शिवदास गेल्यावर बाबांनी त्यांचा कप आत नेऊन ठेवला. बावीस वर्षांच्या जागेसाठी ह्या वयात परीक्षा द्यायची, आणि तीही एका माणसासमोर, ज्याला त्यांनीच मुळाक्षरं शिकवली! मला शिवदासांचा राग आला. आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

ई-रीडर डोक्यात आला तो महेशमुळे. महेश बेळगावकडचा, माझ्याच खात्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत तो एका छोट्या यंत्रावर कादंबऱ्या वाचत बसतो. मी ते हातात घेतलं. पडदा कागदासारखा, डोळ्यांवर झगमग नाही, आणि बोट सरकवलं की अक्षर मोठं होत जातं. ह्याहून मोठी अक्षरं बाबांना मिळणार कुठे? टॅब घ्या, त्यात गाणीही लागतात, असं चारपाच जणांनी सांगितलं. बाबांना गाणी नको होती.

तक्त्यात सात यंत्रं आली. पडद्याचा आकार, वजन, उजेड, पान उलटायची सोय. देवनागरीचा रकाना मी वेगळा ठेवला, कारण महेशच्या यंत्रावर जोडाक्षरं फुटून पाय मोडल्यासारखी दिसत होती, आणि पोथीत जोडाक्षरांना तोटा नाही. म्हापशाच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदाराने मला मोबाईल दाखवले. तेव्हा वस्तू न बघताच मागवायची होती. माझ्यासारख्याला ही गोष्ट जड जाते. शेवटी दहा इंची पडद्याचं घेतलं. त्याला बाजूला बटणं नव्हती, पडद्यालाच हात लावून पान उलटावं लागे. बटणांची यंत्रं होती ती सात इंचाची. अक्षर मोठं हवं म्हटल्यावर बटणं सोडून दिली.

यंत्र आलं आणि मग कळलं की खरं काम पुढेच आहे. पोथीच्या पानांचे फोटो मिळत होते, पण फोटो मोठा केला की ओळ कडेबाहेर जाई. अक्षर खऱ्या अर्थाने मोठं करायचं तर पोथी टाईप करायला हवी. ती सेजलने केली. रोज संध्याकाळी भाकऱ्या टाकायच्या आधी तास-दीड तास, असे दोन महिने. तीस अध्याय, अध्यायाला एकशेवीसच्या घरात ओव्या. मी तिच्या मागून एकेक काना-मात्रा तपासली. दीडशेच्या वर चुका काढल्या आणि एकदा तिच्या शिव्या खाल्ल्या. आख्खी पोथी माझ्या नजरेखालून गेली, पण तिच्यात काय लिहिलंय हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मी अक्षरं बघत होतो.

जूनच्या शेवटी एका रविवारी मी यंत्र बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट चाचपलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"हलकां आसा," ते म्हणाले.

मी त्यांना जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसवलं आणि अक्षराचा आकार ठरवायला घेतला. आकार एकपासून बारापर्यंत होते. पाचावर विचारलं, "ह्या बरां?"

"मोठां कर."

"आता?"

"आनी थोडां."

सहा झाला, सात झाला, आठ झाला. प्रत्येक वेळी ते मान किंचित वाकडी करून पडद्याकडे बघत आणि नाही म्हणत. नऊवर पडद्यावर जेमतेम तीनच ओव्या मावतात, असं मी त्यांना सांगितलं. "हां," ते म्हणाले, "ह्या बरां. आता दिसता." मी तक्त्याखाली लिहिलं, आकार नऊ. सेजलने शिरा केला. मला कृतार्थ वाटलं. हा शब्द मी एरवी वापरत नाही.

कव्हरवरून थोडी गडबड झाली. यंत्राबरोबर मी तपकिरी कव्हर घेतलं होतं, ते मिटलं की पडदा आपोआप झोपी जाई. समितीला यंत्र दाखवायला नेलं तेव्हा शिवदासांनी ते नाकाशी नेलं.

"चामड्याचां?"

सतरा वर्षं तपासणी करून देवळात चामडं घेऊन जाणारा मीच. तक्त्यात हा रकानाच नव्हता. शेवटी सेजलने आपल्या जुन्या खणाचा रुमाल शिवला, पोथीला असतो तसा, आणि यंत्र त्यात बांधलं. आता मिटायला कव्हर नव्हतं. शिवाय बाबा मध्येच अर्थ सांगायला पाच-दहा मिनिटं थांबतात, तेवढ्यात पडदा विझू नये म्हणून आपोआप झोपायची सोयही मी बंद करून ठेवली होती. ह्या पडद्याला चार्जिंग फार लागत नाही, म्हणून बिघडलं काहीच नव्हतं.

जुलै संपता संपता श्रावण लागला. पहिल्या दिवशी कामावरून थेट देवळात गेलो आणि मागे खांबापाशी उभा राहिलो. बाबा चौरंगासमोर बसले होते, चौरंगावर उघडा रुमाल, त्यात यंत्र, बाजूला समई. समोर शिवदास छापील पोथी मांडीवर उघडून. बाबांनी पहिला अध्याय असा वाचला की एक अक्षर खाली पडलं नाही. मध्ये थांबून अर्थ सांगितला, पुन्हा ओळ धरली. अंगठ्याने पान उलटत होते, अगदी सवयीचं असल्यासारखं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या माणसाने न विचारताच मी त्याला पडद्याची सगळी माहिती दिली.

आरती झाली आणि लोक नमस्काराला रांगेने आले. पोथीला करतात तसाच. कुणी फूल ठेवलं, कुणी अक्षता वाहिल्या, प्रत्येकाने पडद्याला हात लावून तो कपाळाला नेला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी तर कपाळच टेकवलं. पन्नासेक माणसं असतील. काचेला तेल लागणार, एवढंच मला सुचलं. रुमाल बांधून बाबांनी यंत्र घरी आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. तिथे ते बावीस वर्षं पोथी ठेवत आले होते.

दुसऱ्या दिवशी शिवदासांनी मला पुढे बोलावलं. यंत्र मध्येच अडलं तर जाणकार माणूस जवळ असावा, असं त्यांचं म्हणणं. ते रास्त होतं. मी बाबांच्या उजव्या हाताला जरासा मागे बसलो. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, हात जोडले. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत होतं, अध्याय तिसरा.

काय झालं असेल ते क्षणात कळलं. पडदा जागा होता. पन्नास माणसांनी नमस्कार केला आणि प्रत्येक नमस्काराला एक पान पुढे गेलं. बाबा आता तिसरा वाचायला लागणार, शिवदासांच्या मांडीवर दुसरा उघडलेला. मी हात पुढे केला, पण तेवढ्यात बाबांनी सुरुवात केली होती.

त्यांनी अध्याय दुसरा सुरू केला. पहिल्या ओवीपासून, स्वच्छ. त्यांची नजर पडद्यावर होती आणि पडद्यावर तिसरा अध्याय होता. तीन ओव्या झाल्या, अंगठ्याने पान उलटलं. पुढच्या तीन झाल्या, पुन्हा उलटलं. मी पडदा वाचत होतो आणि कानाने दुसरंच ऐकत होतो. माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. ते ओळीवरून सरकत नव्हते. एकाच जागी ठेवल्यासारखे होते.

अध्याय अर्धा होईपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की पडदाच बिघडलाय. मग तेही सुचेना. बाबांना दिसत नव्हतं. नऊ नंबरचंही नाही आणि बारा नंबरचंही दिसलं नसतं. तीन ओव्यांना एक पान हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. तासभर मी त्यांच्या मागे बसून होतो आणि त्या तासात मला फार एकटं वाटलं.

आरतीनंतर शिवदास उठून आले. ते मनापासून खूश झाले होते. "मास्तर, एक अक्षर चुकलां नाय. धन्य तुमची. आणि ह्या यंत्राची. बगूया मरे, कसां दिसता तां."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्याआधी यंत्र उचललं, पाठीमागचं बटण दाबून पडदा विझवला आणि रुमाल बांधला. "चार्ज संपलो," मी म्हणालो. "आता चालू जावचां नाय."

"बरां. देवळाक एक घेऊया म्हणतंय. कितवा अक्षर लावलंस?"

"नऊ," मी म्हणालो.

नमस्काराला थांबलेल्या लोकांनी रुमालाला नमस्कार केला. घरी परतताना बाबा माझ्या पुढे चालत होते, छत्री टेकत, खड्डे चुकवत. कडेकडेचं दिसत राहील, असं डॉक्टर म्हणाले होतेच.

सेजलने सोप्यावर चहा आणि पाव आणून दिला. ती आत गेली तेव्हा मी म्हणालो, "बाबा, पडद्यार तिसरो अध्याय होतो."

त्यांनी पावाचा तुकडा चहात बुडवला, खाल्ला. "मी दुसरो वाचलंय मां?"

"तुमी दुसरोच वाचलात."

त्यांनी पावाचा आणखी एक तुकडा मोडला.

"किती दिसता तुमका?"

"जनेल खंय आसा ता कळता. तू हललंस तर कळता. मधी कायच नाय."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

शिमगा मार्चमध्ये झाला. तक्ता मी एप्रिलमध्ये केला. सात यंत्रं, सेजलचे दोन महिने, दीडशे चुका, सगळं त्यानंतरचं. मला राग आला आणि मी तो दाबला नाही. "मगे तेव्हाच कित्याक नाय सांगलात? आणि नऊ नंबर बरो म्हणून कशाक सांगलात?"

"सांगलां आसतां तर वाचूंक दिलां आसतंस?" ते म्हणाले. "तू पाच म्हणालंस, सहा म्हणालंस. दर खेपेक तुझो आवाज खाली येय होतो. नऊ म्हणताना रडकुंडीक इल्लंस. मगे म्हटलां, पुरे झालां."

मी उठून अंगणात गेलो. विहिरीपाशी उगाच थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा ते तसेच बसले होते, कप हातात.

"शिवदासांक सांगूया," मी म्हणालो. "पाठ म्हटली तरी कोण नाय म्हणता? उलट मान देतले."

"तीस अध्याय पाठ आसते तर मीच सांगलां आसतां." त्यांनी कप चाचपून खाली ठेवला. "माका वीसच येतत. फुडले धा दत्ताराम वाची. तो गेल्यावर माझ्याकडे इले, चार वर्सां झाली. तेव्हा डोळे जायत होते. वाचलां, पण बसलां नाय. उद्या परीक्षा सोपली तरी एकविसाव्या दिवसाक मी काय करू?"

हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं असणार. घाबरलेले बाबा मी पाहिले नव्हते. ते तसे दिसत नव्हतेही, फक्त गुडघ्यावर ठेवलेला हात एकसारखा धोतर चिमटीत धरून सोडत होता.

मी हिशेब केला, कारण मला तेच येतं. दहा अध्याय, बाराशे ओव्या. तिसाव्या अध्यायापर्यंत अठ्ठावीस दिवस. रोज त्रेचाळीस ओव्या, वय शहात्तर. कारखान्यात असा आकडा समोर आला असता तर मी होणार नाही असं लिहून सही केली असती. यंत्राला वाचून दाखवायची सोय आहे का, हे मी आत जाऊन पाहिलं. नव्हती. दुसऱ्या एका यंत्राला होती, ते तक्त्यात पाचव्या ओळीत होतं. तो रकाना मी धरलाच नव्हता. वाचणाऱ्या माणसासाठी घेत होतो ना.

"यंत्र नको," बाबा म्हणाले. "चाल माणसाच्या तोंडातसून कळता. तू वाच."

सेजल जास्त चांगलं वाचते हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. सेजलला कळू द्यायचं नव्हतं, निदान इतक्यात. तिने दोन महिने टाईप केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला आम्ही मागच्या पडवीत बसलो. माझी पाळी सातची. पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल अजून यायची होती. मी एकविसावा अध्याय उघडला आणि अक्षराचा आकार नऊवरून चारवर आणला, कारण आता वाचणारा मी होतो. पहिली ओवी वाचली. बाबांनी ती म्हटली. दुसरी वाचली, तीही म्हटली. आपण तपासलेली ओळ मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो.

चौथीत बाबाच माझे मास्तर होते. वाचायला उभं करत आणि एक शब्द चुकला तरी "चुकलां" म्हणून ओळ पहिल्यापासून घ्यायला लावत. मुलगा म्हणून सवलत नसे, उलट इतरांच्या दुप्पट वेळ मी उभा असे. मला वाचनाची नावड लागली ती तिथेच, आणि तेव्हापासून आजवर मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलेलं नव्हतं.

पाचव्या ओवीला ते अडखळले. एक शब्द त्यांनी स्वतःचा घातला. अर्थाला तो चालण्यासारखा होता आणि शिवदाससुद्धा कदाचित धरणार नाहीत असा होता. मी पडद्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. ते कान माझ्याकडे करून वाट बघत होते.

"चुकलां," मी म्हणालो. "पहिल्यापासून घ्या."

बाबांनी पाठ सरळ केली, हात मांडीवर ठेवले आणि ओवी पहिल्या शब्दापासून म्हणायला घेतली.